विहिरीवरचा न दिसणारा दिवा

रात्री पावणेदोनला मामंजी उठले की आधी काठीचा आवाज येतो, मग बॅटरीच्या बटणाचा. "करंट आला काय बघून येतो," एवढंच म्हणतात आणि जातात. आमचं शिवार बेळगावच्या पश्चिमेला, उचगाव-बेकिनकेरेच्या बाजूचं. अर्धा ऊस, अर्धी रताळी. विहीर घरापासून सव्वादोनशे मीटर, मधे बांधाची पायवाट. थ्री फेज, म्हणजे मोटरीला लागणारी तीन तारांची वीज, ठरावीक तासच असते आणि तिची पाळी बदलत राहते. रात्रपाळीच्या आठवड्यात मामंजींच्या दोन-दोन फेऱ्या होतात: एक करंट आलाय का बघायला, दुसरी पाणी खरंच पडतंय का बघायला. एका मार्गशीर्षात बांधावर त्यांच्या पायापासून वीतभर अंतरावर घोणस होती. ती फुसफुसली म्हणून कळलं. ते घरी आले, ओट्यावर बसले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

मी आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स केलंय. घरातच टीव्ही, सेटटॉप बॉक्स, मिक्सर दुरुस्त करते. त्या रात्री मी माडीवर जाऊन कॅमेऱ्याकडं बघत उभी राहिले. दोन वर्षांपूर्वी विहिरीवरची केबल चोरीला गेली तेव्हा भाऊजींनी तो बसवला होता. त्याचं तोंड शिवाराकडंच आहे आणि त्याचं चित्र फोनवर अंथरुणातून दिसतं. मग विहिरीवर फक्त कॅमेऱ्याला दिसेल असा दिवा ठेवला आणि तो मोजून लुकलुकला तर? एकदा म्हणजे करंट नाही, दोनदा म्हणजे करंट आला, तीनदा म्हणजे पाणी पडतंय. असा दिवा मी केला. दोन हंगाम तो चालतोय. तो कसा करायचा ते सगळं सांगते, माझं कुठं चुकलं तेही.

साधा बल्ब का नको, हे आमच्या जाऊबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं. दिव्याला किडे येतात, किड्यांना बेडूक, बेडकांमागं साप. ज्याच्यापासून मामंजींना वाचवायचं, त्यालाच बोलावणं धाडल्यासारखं होईल. दुसरं म्हणजे उघडा दिवा साऱ्या शिवाराला सांगणार की मोटर कधी चालू असते आणि कधी विहिरीवर कुणी नसतं. केबल एकदा गेली आहे. सिमकार्डाचे मोबाइल स्टार्टर बाजारात मिळतात, ज्यांच्या विहिरीवर रेंज आहे त्यांनी जरूर घ्यावेत. आमच्या विहिरीच्या खोलगटात रेंज नाही.

इन्फ्रारेड म्हणजे तांबड्याच्या पलीकडचा उजेड. १८०० साली विल्यम हर्शेल यांनी लोलकातून पडलेल्या रंगपट्ट्यात, तांबडा संपतो त्याच्याही पुढं थर्मामीटर ठेवला, तर पारा आणखी चढला. डोळ्याला तिथं काहीच दिसत नव्हतं. टीव्हीचा रिमोट याच उजेडावर चालतो. फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर रिमोट धरून बटण दाबा, टोकाला जांभळट ठिपका दिसेल. मागच्या कॅमेऱ्यात बहुधा दिसणार नाही, कारण त्यात इन्फ्रारेड अडवणारी काच असते. सीसीटीव्ही कॅमेऱ्यातही अशी काच असते, पण अंधार पडला की ती बाजूला सरकते. संध्याकाळी कॅमेऱ्यातून बारीक 'टक' ऐकू येतं ते त्याचंच, आणि त्याच क्षणी चित्र काळं-पांढरं होतं. म्हणून हा दिवा फक्त रात्री दिसतो. हल्लीच्या कॅमेऱ्यांत रात्री पांढरा लाइट लावून रंगीत चित्र दाखवायची सोय असते. ती चालू असेल तर काच जागेवरच राहते आणि तुमचा दिवा दिसत नाही. सेटिंगमध्ये जाऊन आधी रात्रीचं चित्र काळं-पांढरं करून घ्या, नाहीतर चांगल्या दिव्यात दोष शोधत बसाल.

कॅमेऱ्याच्या खोक्यावर 'रात्री ३० मीटर' असं लिहिलेलं असतं, मग सव्वादोनशे मीटरवरचं कसं दिसेल, ही शंका मलाही होती. ते तीस मीटर कॅमेऱ्याच्या स्वतःच्या उजेडाचे. तो उजेड जातो, झाडावर आपटतो आणि विखरून त्यातला थोडासा परत येतो. आपला दिवा तर सरळ कॅमेऱ्याकडं बघत असतो, त्याला एकच फेरी. काळोखात लांबच्या गाडीचा दिवा दिसतो पण गाडी दिसत नाही, तसंच हे.

आता सामान. इन्फ्रारेड एलईडी दोन जातींचे मिळतात, ८५० नॅनोमीटर आणि ९४० नॅनोमीटर. ८५० चा कॅमेऱ्याला जास्त लख्ख दिसतो, पण जवळ गेलं की डोळ्यालाही फिकी लाल ठिणगी दिसते. ९४० अजिबात दिसत नाही, कॅमेऱ्यात मात्र थोडा मंद. मी ९४० घेतला, टीएसएएल ६२०० या नंबरचा. एकावर भागलं नसतं म्हणून तीन लावले. बाकी: अ‍ॅटटायनी ८५ ही प्रोग्रॅम भरता येणारी आठ पायांची आयसी आणि ती खुपसायचा बेस, एक २एन२२२२ ट्रान्झिस्टर, २७ ओहमचे अर्ध्या वॅटचे तीन रेझिस्टर, २२० ओहमचा एक, ४७ किलोओहमचे दोन, उजेड ओळखणारे चार एलडीआर, १०४ नंबरचा एक छोटा कपॅसिटर आणि ४७० मायक्रोफॅरडचा एक मोठा, चुंबकानं चालणारा एक रीड स्विच, एक अ‍ॅम्पियरचा काचेचा फ्यूज, १८६५० चे लिथियमचे दोन सेल आणि एक होल्डर, झिरो पीसीबीचा, म्हणजे कथलाचे डाग मारायच्या भोकांच्या पट्टीचा, तुकडा. सेल घरी चार्ज करायला टीपी ४०५६ चं मॉड्यूल. मला सेल सोडून साडेपाचशेच्या आसपास खर्च आला. सेल जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतले काढले. असे सेल वापरणार असाल तर आधी मीटर लावा. दोन व्होल्टच्या खाली गेलेला सेल परत चार्ज करू नका, तो टाकूनच द्या.

जोडणी अशी. आयसीवर एका कोपऱ्यात टिंब असतं, तो एक नंबरचा पाय. तिथून घड्याळाच्या उलट दिशेनं मोजत जायचं. आठ नंबरला सेलचा प्लस, फ्यूजमधून. चार नंबरला मायनस. या दोन पायांच्या अगदी जवळ १०४ चा कपॅसिटर, आणि मोठा कपॅसिटर एलईडींच्या बाजूला. पाच नंबरच्या पायातून २२० ओहममधून ट्रान्झिस्टरच्या बेसला. एमिटर मायनसला. कलेक्टरला तिन्ही एलईडींचे आखूड पाय एकत्र. प्रत्येक एलईडीच्या लांब पायाला स्वतःचा २७ ओहम, आणि तिन्ही रेझिस्टरांची दुसरी टोकं प्लसला.

२७ कुठून आले ते सांगते, म्हणजे तुमचा एलईडी वेगळा असला तर तुम्हीच काढाल. भरलेला सेल ४.२ व्होल्टचा. एलईडीवर साधारण १.४ जातात, ट्रान्झिस्टरवर ०.२. उरले २.६. त्याला २७ नं भागलं की ९६ मिलिअ‍ॅम्पियर. एलईडी शंभरचा आहे, म्हणजे आत बसतो. सेल ३.७ वर आला की हाच आकडा ७८ होतो. तीन एलईडींना एकच रेझिस्टर लावायचा मोह होईल, तो टाळा. ज्याचा व्होल्टेज किंचित कमी तोच जास्त करंट ओढतो आणि आधी जातो.

ट्रान्झिस्टरच्या पायांत मी दोन दिवस घालवले. प्लास्टिकच्या कवचातला २२२२ वेगवेगळ्या नावांनी येतो. पीएन अक्षरांचा असेल तर सपाट बाजू आपल्याकडं धरून डावीकडून एमिटर, बेस, कलेक्टर. पी२एन असं लिहिलेला असेल तर नेमका उलटा: कलेक्टर, बेस, एमिटर. बेस दोन्हींत मधेच, म्हणून उलटा बसवला तरी सर्किट चालल्यासारखं दिसतं, फक्त दिवा मिणमिणता येतो. मी एलईडी बदलले, सेल बदलला, डाग परत मारले. शेवटी मीटरच्या ट्रान्झिस्टर तपासायच्या भोकांत तो दोन्ही बाजूंनी घालून बघितला. एका बाजूनं आकडा दोनशेच्या घरात, दुसऱ्या बाजूनं दहाच्या आत. मोठा आकडा येतो ती बाजू खरी. आता मी कुठलाही ट्रान्झिस्टर असा बघितल्याशिवाय डाग देत नाही.

डाग मारताना आयसी बेसमध्ये नको, बेस मोकळा ठेवून मारा. आणि चालू एलईडी डोळ्याजवळ धरून न्याहाळू नका. उजेड दिसत नाही म्हणून बाहुली आकसत नाही, आणि आत काय जातंय ते कळतही नाही. तपासायचं ते फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यातूनच.

आता दिव्याला करंट आल्याचं कसं कळणार? इथं सर्वांत जास्त जपायचं आहे. पंपाच्या पेटीत ४१५ व्होल्ट असतात. तिथून एकही तार काढायची नाही, पेटी उघडायचीसुद्धा नाही. पेटीच्या दारावर लाल, पिवळा, निळा असे तीन फेजचे तीन दिवे असतात. त्या प्रत्येक दिव्याच्या तोंडावर बाहेरून एक एलडीआर बसवला. एलडीआर म्हणजे उजेड पडला की ज्याचा अडथळा कमी होतो तो नागमोडी रेघांचा चपटा तुकडा. बाहेरचा उजेड येऊ नये म्हणून काळ्या पाइपच्या बोटभर तुकड्यात तो खुपसला आणि तुकडा दिव्यावर घट्ट बसवून काळी टेप गुंडाळली. वायरिंगला हात न लावता बातमी बाहेर आली.

तिन्ही एलडीआर एकामागून एक जोडायचे. एक टोक प्लसला, दुसरं आयसीच्या सात नंबरच्या पायाला, आणि त्याच पायातून ४७ किलोओहम मायनसला. तिन्ही दिवे लागले तरच रस्ता मोकळा होतो. एक जरी विझलेला असला तरी त्या एकाचाच अडथळा एवढा मोठा की सात नंबरवर काहीच पोचत नाही. दोनच फेज आल्या असतील तर आपला दिवा 'करंट नाही' असंच सांगतो, आणि मोटरच्या दृष्टीनं ते बरोबरच आहे. फक्त एक लक्षात ठेवा. मोटर चालू असताना मधेच एक फेज गेली तर फिरती मोटर त्या तारेत व्होल्टेज परत ढकलते आणि गेलेल्या फेजचा दिवाही लागलेला राहू शकतो. तेव्हा पेटीतला सिंगल फेज प्रिव्हेंटर, म्हणजे एक फेज गेली की मोटर बंद करणारा तुकडा, काढून टाकायचा विचारही करू नका. हा दिवा बातमी देतो, मोटर वाचवत नाही.

उरलेला चौथा एलडीआर दिवस-रात्र ओळखायला. त्याचं एक टोक प्लसला, दुसरं तीन नंबरच्या पायाला, तिथून ४७ किलोओहम मायनसला.

पाणी पडतंय का, हे कळण्यासाठी तेलाच्या डब्याच्या पत्र्याची तळहाताएवढी झडप केली. हौदावर पाइपाचं तोंड आहे तिथं ती बिजागरीवर लटकते. पाणी आलं की धारेनं पुढं ढकलली जाते, थांबलं की आपल्या वजनानं खाली येते. झडपेला एक लोहचुंबक, चौकटीला रीड स्विच. रीड स्विच म्हणजे बारीक काचेच्या नळीत दोन पात्या, चुंबक जवळ आला की त्या चिकटतात. पाय वाकवताना काच तडकते, म्हणून नळीलगत पक्कडीनं पाय धरा आणि पक्कडीच्या पुढचा भाग वाकवा. माझे पहिले दोन असेच गेले. स्विचची एक तार आयसीच्या सहा नंबरला, दुसरी मायनसला.

चुंबक कुठं लावायचा यावर मी पहिल्यांदा विचारच केला नव्हता. झडप खाली असताना चुंबक स्विचजवळ येईल असा लावला होता. स्विच चिकटलेला म्हणजे पाणी नाही, सुटलेला म्हणजे पाणी आहे. छान चाललं होतं. मग पौषात एका रात्री दिवा तीनदा-तीनदा लुकलुकत राहिला, आम्ही निवांत झोपलो, आणि सकाळी बघतो तर हौद कोरडा. उंदरानं तार कुरतडली होती. तार तुटली म्हणजे स्विच सुटला, आणि सुटलेल्याला मी 'पाणी आहे' असं शिकवलं होतं. नशिबानं मोटर चालूच झाली नव्हती, नाहीतर रात्रभर कोरडी फिरली असती आणि वाइंडिंगला द्यावी लागली असती. त्या दिवशी मी जागा उलटी केली. आता झडप ढकलली गेली तरच चुंबक स्विचजवळ येतो. तार तुटो, स्विच फुटो, झडप गंजून खालीच अडको, दिवा 'पाणी नाही' असंच म्हणणार. तुम्ही कुठलाही असा दिवा करा, प्रत्येक तारेपाशी थांबून स्वतःला विचारा, ही तुटली तर दिवा काय सांगेल? त्यानं चुकून वाईट बातमी दिली तर एक हेलपाटा पडेल. चुकून चांगली दिली तर माणूस विश्वासानं झोपून राहील.

करंट नसतानाही एकदा लुकलुकायचं ठेवलंय ते याचसाठी. काहीच न दिसणं याचा अर्थ 'करंट नाही' असा घेतला असता तर सेल संपलेला दिवा आणि करंट नसलेली विहीर सारखीच दिसली असती.

प्रोग्रॅम भरायला अर्डुइनो उनो हा छोटा बोर्ड लागतो. कुणाकडून एका दिवसापुरता उसना मिळाला तरी चालेल. त्यात आधी 'अर्डुइनो अ‍ॅज आयएसपी' हा आयता नमुना चढवायचा. मग ब्रेडबोर्डवर, म्हणजे डाग न मारता तारा खुपसायच्या पाटीवर, उनोचा १० नंबर आयसीच्या एकला, ११ पाचला, १२ सहाला, १३ सातला, पाच व्होल्ट आठला, ग्राउंड चारला. उनोच्या रीसेट आणि ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, मायनसचा पाय ग्राउंडकडं. तो नसला तर मधेच उनो स्वतः रीसेट होतो आणि भरणं अडतं. आयसी तयार झाली की मग बेसमध्ये. बेसमध्येच ठेवून भरायला गेलात तर त्याच पायांवर बसलेले ट्रान्झिस्टर आणि स्विच मधे लुडबुडतात.

प्रोग्रॅममध्ये लिहायचं ते असं. पाच नंबरचा पाय बाहेर देणारा. सहा नंबरचा आत घेणारा, आतला पुल-अप चालू करून, म्हणजे स्विच चिकटला की शून्य वाचलं जातं. मग फेरा सुरू. तीन नंबरच्या पायावर उजेड वाचायचा. आकडा शून्य ते १०२३ मध्ये येतो. सलग एक मिनिट ५०० च्या वर राहिला तर दिवस समजून गप्प बसायचं. एक मिनिट यासाठी, की कुणाच्या बॅटरीचा झोत पडला म्हणून दिव्यानं सकाळ झाली असं समजू नये. रात्र असेल तर सात नंबर वाचायचा. ४०० च्या खाली असेल तर तिन्ही फेज नाहीत, एकदा लुकलुकायचं. वर असेल तर सहा नंबर बघायचा. स्विच सुटलेला असेल तर दोनदा, चिकटलेला असेल तर तीनदा. मग गप्प, आणि फेरा सुरू झाल्यापासून दहा सेकंदांनी परत पहिल्यापासून. या आयसीत १.१ व्होल्टचं आतलं माप असतं, त्याच्याशी ताडून ती स्वतःच्या सेलचा व्होल्टेज काढू शकते. तो ३.३ च्या खाली गेला की प्रत्येक फेऱ्याच्या आधी दीड सेकंदाची एक लांब लुकलुक. ३.१ च्या खाली दिवा पूर्ण बंद, म्हणजे सेल खोल जात नाही. एलडीआरच्या आकड्यांवर सेलच्या उताराचा परिणाम होत नाही, कारण आयसी त्यांना सेलच्याच मापानं मोजते.

पहिल्यांदा भरला तेव्हा माझा दिवा पाऊण सेकंद लागायचा आणि पाऊण सेकंद विझायचा. प्रोग्रॅममध्ये तर ०.१ सेकंद लिहिलेले. नवी आयसी कारखान्यातून एक मेगाहर्ट्झवर ठेवलेली येते आणि मी कॉम्प्युटरवर अर्डुइनोच्या मेन्यूमध्ये आठ निवडले होते. सगळं आठपट संथ. मेन्यूत एक मेगाहर्ट्झ निवडा आणि एकदा 'बर्न बूटलोडर' दाबा, मग प्रोग्रॅम भरा. हे एकदाच करावं लागतं.

एक लुकलुक किती सेकंदांची, हेही सहज ठरलं नाही. आधी ०.१ ठेवले होते. टेबलावर छान मोजता यायचे. कॅमेऱ्यातून मात्र तीनाचे कधी दोन दिसायचे, कधी तीन. कॅमेरा सेकंदाला पंचवीस चित्रं घेतो असं म्हणतात, पण रात्री अंधारात तो हळू होतो, आणि फोनवर येणारं चित्र दाबून बारीक केलेलं असतं, त्यात एखादं चित्र गळतं. एक लुकलुक किमान पाच-सहा चित्रांत सापडली पाहिजे. मग ०.३ केले. माझ्या पुतणीला बरोबर मोजता आले. मामंजींना आले नाहीत. पहाटे दोनला, चष्म्याशिवाय, अर्धवट झोपेत जो मोजणार त्याच्यासाठी दिवा आहे. मी रात्री त्यांच्या शेजारी बसले, फोन त्यांच्या हातात दिला आणि वेळ वाढवत गेले. ०.४ लागणं, ०.४ विझणं आणि दोन फेऱ्यांमध्ये लांब अंधार, यावर ते म्हणाले, "आता बरोबर हाय बघ. घंटा मोजल्यागत मोजता येतंय." मी तेच कायम केलं. तुमच्या घरी जो मोजणार आहे त्याच्या डोळ्यानं तुम्ही ठरवा. दिवा प्रोग्रॅमचा असल्याचा खरा फायदा हाच, डाग न सोडवता त्याचं बोलणं बदलता येतं.

सेल किती पुरतो? तीन लुकलुकींत दहा सेकंदांपैकी १.२ सेकंद दिवा चालू, त्या वेळी तिन्ही एलईडी मिळून सुमारे २३५ मिलिअ‍ॅम्पियर. सरासरी २८. बारा तासांच्या रात्रीला ३४० मिलिअ‍ॅम्पियर-तास. २००० चा चांगला सेल पाच रात्री सहज काढतो, आणि करंट नसलेल्या रात्री त्याहून जास्त. मी एक सेल दिव्यात आणि एक घरी भरलेला ठेवते, दिवसा बदलते. सोलर लावला नाही, पत्र्यावर चकाकणारं काही ठेवायचं नव्हतं. होल्डरच्या प्लस टोकाला लाल नेलपॉलिश लावलंय, कारण कधी भाऊजी बदलतात, कधी पुतणी, आणि उलटा बसलेला सेल आयसी क्षणात घालवतो.

पेटीसाठी अडीच इंची पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा आणि दोन टोप्या. पुढच्या टोपीला खिडकी कापून मेलेल्या सेटटॉप बॉक्सच्या तोंडाची काळी पट्टी बसवली. ती डोळ्याला काळी दिसते, इन्फ्रारेडला मात्र आरपार असते. रिमोटचा उजेड तिच्यातूनच आत जातो. त्यामुळं आतले एलईडी कुणाला दिसत नाहीत. बसवण्याआधी पट्टीमागं रिमोट धरून फोनमधून खात्री करा, प्रत्येक काळं प्लास्टिक असं नसतं. कडेनं एमसील. दिवस-रात्रीचा एलडीआर मागच्या टोपीत, आभाळाकडं तोंड करून, साध्या पारदर्शक झाकणाखाली. औषधाच्या डबीतली ओलावा शोषणारी पुडी आत टाका. तारांची भोकं एमसीलनं पक्की बुजवा, आमच्या पहिल्या पेटीत महिन्याभरात मुंगळ्यांनी अंडी घातली होती.

दिवा कुठं बांधायचा ते पिकाकडं बघून ठरवा. मी मार्चमध्ये शेडच्या भिंतीवर बांधला आणि पुढच्या हंगामात ऊस वाढला तसा तो दिसेनासा झाला. ऊस दहा-बारा फुटांवर जातो. आता शेडवर जीआय पाइप उभा करून चौदा फुटांवर बसवलाय. या एलईडीचा झोत अरुंद आहे, मधल्या रेषेपासून सतरा अंश बाजूला गेलं की उजेड निम्मा होतो. म्हणून तोंड नीट जुळवावं लागतं, आणि ते अंधारातच जुळतं. दिवेलागणीलाच, दोघं सोबत असताना करा. भाऊजी शिडीवर, खाली जाऊबाई बॅटरी धरून, मी माडीवर फोन घेऊन. विहिरीवर रेंज नाही, म्हणून मी माडीवरून बॅटरीनं खूण करायची: एकदा डावीकडं, दोनदा उजवीकडं, धरून ठेवली की बस्स. फोनवर काळ्या उसाच्या वर एक पांढरा ठिपका उमटला, विझला, उमटला. जाऊबाई खालून विचारत होत्या, "लागलाय काय? मला तर काहीच दिसेना की." त्यांच्या डोक्यावर पाच-सहा हातांवर तो लागत होता.

खानापूरकडच्या माझ्या आत्तेबहिणीनं विचारलं, असल्या किरणांना साप येणार नाही का, जंगलालगत चापडा असतो, त्याला उष्णता कळते म्हणतात. चापड्याला कळते हे खरं. पण ती अंगातून निघणारी उष्णता, तिची लहर या उजेडाच्या दसपट लांबीची. रिमोटच्या उजेडाशी तिचा संबंध नाही.

दोन लुकलुकी बराच वेळ राहिल्या तर? करंट आल्यावर ऑटो स्टार्टर थोडा थांबून मोटर चालू करतो, मग पाइप भरतो, म्हणून पहिली दहा मिनिटं आम्ही वाट बघतो. त्यानंतरही दोनच असतील तर मात्र जावं लागतं, मोटर कोरडी फिरत असेल. तेव्हा दोघांनी जायचं, गमबूट घालून, जाड काठी आपटत. काहीच लुकलुकत नसेल तर रात्री कुणी जायचं नाही, सकाळी बघायचं, हे मामंजींकडून मी कबूल करून घेतलंय. गेल्या रात्रपाळीच्या आठवड्यात त्यांना एकदाच जावं लागलं.

मृग लागायच्या आत दिवा उतरवा. पावसाळ्यात पंपाचं काम नसतं आणि आमच्याकडच्या पावसात एमसीलवर भरवसा ठेवू नये. सेल काढून निम्मा भरलेला, म्हणजे ३.७ व्होल्टच्या आसपास, कोरड्या डब्यात ठेवा. झडपेला तेलाचा हात फिरवा. दिवाळीनंतर परत चढवाल तेव्हा आधी घरातच फेजच्या एलडीआरच्या आणि रीड स्विचच्या तारा एकेक करून सोडवून बघा, आणि प्रत्येक वेळी दिवा वाईट बातमीकडंच झुकतोय याची खात्री करूनच शिडी लावा.